पास न झालेले शब्द

माझं दुकान नावाच्या पाट्यांचं आणि रबरी शिक्क्यांचं. जबलपूरच्या सराफ्यातून आत एक अरुंद गल्ली जाते, तिच्यात. सोनारांच्या शेजारी पाटीवाला कसा, असं नवखी माणसं विचारतात. पितळेवर हातानं अक्षर कोरणारे कारागीर सोनारांकडेच मिळत; अंगठीत नाव कोरणारा हात दारावरचं नावही कोरतो. अक्षराची खाच झाली की तिच्यात काळी लाख भरायची, वरून घासून काढायची, झालं. अशी पाटी उन्हापावसात कितीतरी वर्षं टिकते. पाटीवरचा माणूस बहुधा आधी जातो.

इंग्रजी घेऊन एम.ए. झालो होतो. त्या जोरावर काहीच मिळालं नाही, तेव्हा मामांच्या या दुकानात तात्पुरता बसलो. मामा गेले, तात्पुरता मी अजून बसलेला आहे. सोबत इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा एक जाडजूड कोश आणला होता. तो गल्ल्याखाली असे. शिक्क्याचं रबर शिजेपर्यंत वाचायला बरा.

पितळेवर एकदा कोरलेला शब्द पुसता येत नाही. म्हणून मी एक रिवाज पाडला. कोणी इंग्रजी शब्द कोरायला सांगितला की आधी त्याचा अर्थ आणि त्याचं मूळ त्याला ऐकवायचं. ऐकूनही हवा असेल तर कोरायचा. यात लोकशिक्षण वगैरे काही नव्हतं. पाटी परत आली तर पितळ माझं वाया जाई.

एक माजी नगरसेवक आले होते. नावाखाली त्यांना ‘इमेरिटस’ हवं होतं. कुठल्याशा प्राध्यापकाच्या दारावर त्यांनी ते पाहिलं होतं आणि त्यांना ते भारदस्त वाटलं होतं. मी सांगितलं की हा लॅटिन शब्द. सैन्यातली चाकरी पुरी करून घरी पाठवलेल्या शिपायाला रोमन लोक असं म्हणत. ते जरा विचारात पडले. म्हणाले, “मतलब रिटायर?” मी म्हटलं, जी. “तो हटाइए. अभी तो हमें फिर लड़ना है.” लढले आणि पडले. पुन्हा काही आले नाहीत, नाहीतर आता कोरून दिला असता.

दुसरे एक कोचिंग क्लासवाले. त्यांना ‘पेडगॉग’ पाहिजे होतं. मी म्हटलं, साहेब, हा ग्रीकांचा शब्द. धन्याच्या मुलाला हाताला धरून शाळेत पोचवणारा जो गुलाम असे, तो पेडगॉग. शिकवणारा वेगळाच असे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “यहाँ किसको पता है, भैया.” पाटी झाली, लागली, क्लास जोरात चालला.

माझ्या सगळ्या धंद्याचं सार या एका वाक्यात आलं. मी आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगितले. ते ऐकून पाटी बदललेली माणसं फार थोडी, आणि ज्यांनी बदलली त्यांनी आणखी भपकेबाज शब्द घेतला. आता तर कोणी विचारतही नाही. अर्थ फोन सांगतो आणि अक्षरं यंत्र कापतं. दोघांनाही गिऱ्हाइकाकडे बघावं लागत नाही.

तरी दुकानापुढच्या बाकावर रोज येऊन बसणारे चारदोन जण होते. त्यांना पाटी करायची नसे, फक्त शब्द ऐकायचा असे. इथली मराठी घरं बहुतेक फॅक्टरीच्या नाहीतर रेल्वेच्या नोकरीनं आलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि माझ्या बाकावर दोन्हींची भेळ. निवडणूक आली की मी त्यांना ‘कँडिडेट’ सांगत असे: रोममध्ये मतं मागणारा माणूस अंगावर पांढराशुभ्र झगा घाली, त्या पांढऱ्या रंगावरून हा शब्द. समोरून तसल्याच पांढऱ्या कपड्यांतला एखादा हात जोडत जाई आणि बाकावर खसखस पिके. एवढीच आमची विद्वत्सभा.

तिच्यात सर्वांत नियमित येणारे म्हणजे देवतळेजी. मूळचे वर्ध्याकडचे, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं काम मला त्यांनीच समजावून सांगितलं होतं. तयार नगाचं भोक मापाचं आहे की नाही हे बघायला एक गेज असतं. त्याला दोन टोकं. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, ते ‘गो’. दुसरं जाता कामा नये, ते ‘नो-गो’. पहिलं अडलं तर नग बाद. दुसरं आत गेलं तरी बाद. मधल्या केसभर जागेत जो बसला तो पास. नग बाद केला की कारखान्यातले लोक शिव्या देत, वरचे साहेब फोन करत, पण देवतळेजी ऐकत नसत. “एक खराब नग पास झाला तर तो इथं नाही फुटत,” ते म्हणत. “तिकडं बॉर्डरवर कोण्या पोराच्या हातात फुटते. त्याला तर माहीत पण नसते की तपासून कोण राहिला होता.” त्यांच्या दृष्टीनं नाही म्हणणं ही माणुसकी होती. आयुष्यभर त्यांनी ती निष्ठेनं केली.

नोकरीची सगळी वर्षं क्वार्टरमध्ये गेली. क्वार्टरला नाव नसतं, दारावर काळ्या रंगात नंबर असतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाटणच्या रस्त्याला दोन खोल्या आणि एक व्हरांडा असं घर बांधलं. त्या गल्लीत प्रत्येक घराला इंग्रजी नाव होतं. कुणाची रेसिडेन्सी, कुणाचं ड्रीम हाउस, एका पत्र्याच्या घरावर चक्क पॅलेस. देवतळेजींच्या बायकोला, मालतीवहिनींना, आपल्याही गेटवर तसं नाव हवं होतं. त्यांनी नवऱ्याकडे संसारात फार काही मागितलं असेल असं वाटत नाही. हे मागितलं. देवतळेजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “घरासाठी एक शब्द द्या. पण मूळ तपासून घेईन.”

मला वाटलं आठवड्याचं काम आहे.

पहिल्याच दिवशी ‘व्हिला’ निघाला, कारण तो सगळेच लावतात. मी कोश उघडला. रोमन लोकांचं शेतावरचं मोठं घर म्हणजे व्हिला. त्या शेतावर राबणारी जी कुळं, त्यांचं नाव त्याच शब्दावरून पडलं आणि पुढे सरदारांच्या तोंडी त्याचा अर्थ हलकट, बदमाश असा झाला. सिनेमातला व्हिलन तो हाच. देवतळेजींनी मान हलवली. “नो-गो.”

मग ‘कॉटेज’. मालकाच्या जमिनीवर मजुराला राहायला दिलेली झोपडी. म्हणाले, “म्हणजे परत क्वार्टरच ना.” बाद. ‘रिट्रीट’ हा पाय मागे घेणं या अर्थाचा, सैन्याच्या माघारीचाही तोच शब्द. “आयुष्यभर फौजेला माल पुरवला आणि गेटवर माघार लिहू?” बाद. ‘रेसिडेन्सी’ म्हटली तर राजाच्या उरावर बसवलेला इंग्रज साहेब आठवतो. बाद. ‘मॅन्शन’ मला आवडला होता. त्याचं मूळ नुसतं ‘राहणं’ एवढंच आहे. त्यांनीही तो दोन दिवस जवळ ठेवला आणि मग परत आणला. अर्थ बरोबर आहे पण दोन खोल्यांना माप सैल पडतं म्हणाले. ‘नेस्ट’ हा आपल्या संस्कृत ‘नीड’चा सख्खा भाऊ निघाला तेव्हा मला वाटलं आता सुटलो. देवतळेजी म्हणाले, “घरट्यातून पोरं उडून जातात. आमचा तर पुण्याला गेलाच आहे. ते आणखी पितळेवर कशाला लिहून ठेवू?”

असं ते चालू राहिलं. आठवडे गेले, मग वर्षं गेली. लग्नासाठी स्थळं बघावीत तशी आम्ही शब्दांची कुळं बघत होतो आणि एकही पसंत पडत नव्हतं. मला त्यात मजा येत होती हे खरं. एवढ्या लक्षपूर्वक माझं कोणीच ऐकलं नव्हतं. बाकावरच्या मंडळींनी त्यांचं नाव नो-गो साहेब ठेवलं होतं, ते त्यांनाही माहीत होतं. घरी वहिनी विचारत, झालं का? ते सांगत, तपासून राहिलो.

एकदा पौर्णिमेला देवतळेजी आंघोळीला नर्मदेवर, ग्वारीघाटाला गेले होते. दुकान नुकतंच उघडलं होतं. ई-रिक्षातून मालतीवहिनी उतरल्या. मी त्यांना आधी एकदोनदाच पाहिलं होतं, तेव्हा अंगानं बऱ्या होत्या. आता ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. बाकावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि दम खाऊन म्हणाल्या, “भाऊजी, किती शब्द झाले तुमचे?”

“पुष्कळ झाले.”

“अन् पास किती झाले?”

मी गल्ल्याखालच्या कोशाकडे बघितलं.

“मला पाहायला आले तेव्हा फॅक्टरीत लागले नव्हते ना,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी पास झाली.”

आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी तब्येतीचं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं नाही. डॉक्टर त्यांच्याशी बोलतच नव्हते, जे काय बोलायचं ते नवऱ्याला बाजूला नेऊन बोलत. पुण्याचा मुलगा पूर्वी सणावाराला फोन करायचा, आता रोज करत होता आणि आवाज गोड काढत होता. एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं. मी उगीच काहीतरी धीराचं बोलायला गेलो. त्यांनी हातानं थांबवलं.

“आमच्या गल्लीत तीन घरांवर बाईचं नाव आहे, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “शारदा स्मृती, विमल स्मृती अन् कोपऱ्यावरची ती कमला स्मृती. तिघी पण मेल्या तेव्हा लागलं. जित्या होत्या तोवर घर नवऱ्याच्या नावाचं. मला ते स्मृती नको. मी आहे तोवर माझं नाव लावून द्या. मला बाहेर खुर्ची टाकून बघायचं आहे.”

तीस-पस्तीस वर्षं मी पाट्या करत होतो. ‘स्मृती’ हा शब्द इतक्या वेळा कोरून घेतला होता की कारागिराला तो लिहूनही द्यावा लागत नसे. कारागिराच्या हाताला तो शब्द ठाऊक होता, मलाही ठाऊक होता, आणि तो कोणत्या बायकांच्या वाट्याला येतो हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी शब्दही ठरवून आणला होता. मालती व्हिला. इंग्रजी अक्षरांत. इंग्रजीत का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “म्हणजे मागून कोणाला तिथं स्मृती जोडता नाही येणार.”

मी सवयीनं व्हिलाचं मूळ सांगू लागलो. शेतावरचं घर, राबणारी कुळं, त्यांचा झालेला बदमाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “शेतात राबणाऱ्याला बदमाश कोणी ठरवलं? ज्याचं शेत होतं त्यानंच ना? त्याचं आपण काहून ऐकायचं? माझे मायबाप शेतातच राबले. तुम्ही कोरा.”

इतक्या वर्षांत मूळ ऐकून घेऊन, त्याला उत्तर देऊन, मग शब्द घेतलेलं हे माझं एकच गिऱ्हाईक.

लग्नसराई होती. कारागिरापाशी अंगठ्यांची रांग लागलेली. त्याच्या डोक्यावर बसून मी ते काम पुढं काढून घेतलं. आठवड्याच्या आत पाटी आली. पितळ जाड होतं, अक्षरं खोल आणि सरळ, लाख काठोकाठ भरलेली. मी ती फडक्यानं पुसत होतो आणि नेमके देवतळेजी आले.

त्यांनी पाटी वाचली. मला वाटलं वहिनींनी त्यांना सांगितलं असेल. चेहऱ्यावरून दिसलं की नव्हतं सांगितलं. मी सांगितलं. त्या स्वतः आल्या होत्या हेही सांगितलं, आणि का आल्या होत्या तेही. त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली.

“व्हिला तर पहिल्याच दिवशी बाद केला होता ना आपण,” ते म्हणाले.

“त्यांना चालतो.”

“तिला काय, काही पण चालते. तिला आयुष्यभर सगळं चाललंच.” त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली. “तिच्या नावाशेजारी असा शब्द नाही ठेवणार मी. सोमवारपर्यंत थांबा. चांगला शब्द आणतो.”

मी म्हटलं, देवतळेजी, सोमवार कशाला, आज घेऊन जा. शब्द मागाहून बदलू, दुसरी करून देतो. ते उठून उभे राहिले. “घाईत पास केलेला माल काय करतो, ते मी पाहिलं आहे,” म्हणाले, आणि पाटी न घेता गेले.

त्या माणसाला दगड म्हणावंसं वाटेल. मी त्यांना ओळखत होतो. ज्या गोष्टीची त्यांना सर्वांत जास्त काळजी वाटे, तिलाच ते सर्वांत कडक माप लावत. दुसरा मार्ग त्यांना कोणी शिकवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी, चार स्क्रू आणि ड्रिल पिशवीत घातलं आणि स्वतःच पाटणच्या रस्त्याला गेलो. भांडण झालं तर होऊ दे म्हटलं. गेटला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, भाभीजी को सुबह-सुबह अस्पताल ले गए.

गेटला दोन खांब होते. उजव्या खांबावर घराचा नंबर रंगवलेला, डावा कोरा. वहिनींनी सांगितलेली खुर्ची व्हरांड्यात होती, तोंड गेटाकडे. मी पिशवीतून पाटी काढली आणि डाव्या खांबावर धरून बघितली. माप बरोबर होतं. रस्त्यावरून सायकलनं जाणाऱ्या एका माणसानं मान वळवून वाचलंसुद्धा. मालक घरी नसताना त्यांच्या खांबाला भोकं कशी पाडायची, म्हणून मी पाटी पुन्हा फडक्यात गुंडाळली. ती पाटी त्या गेटवर मी तेवढीच पाहिली, हातानं धरलेली.

वहिनी इस्पितळातून परत आल्या नाहीत.

तेरवीच्या जेवणाला गेलो तेव्हा डाव्या खांबावर काळा ग्रॅनाइट बसवलेला होता. मुलानं कुठल्याशा मोठ्या दुकानातून यंत्रावर कापून आणला होता. मालती स्मृती. काम निर्दोष होतं, धंद्यातला माणूस म्हणून मला म्हणावंच लागेल. नातेवाईक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. मुलाला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं; आईसाठी काहीतरी केल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं आणि ते मला मोडवेना. त्याची मुलगी, सातआठ वर्षांची, मराठी समजते पण हिंदीतच बोलते, ती पाटीवर बोट फिरवत वाचत होती. म्हणाली, “पापा, घर पे दादी का नाम पहली बार आया ना?” सगळ्यांना कौतुक वाटलं. देवतळेजी वाढप्यांना काय हवं नको ते बघत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

महिन्याभरानं ते दुकानात आले. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. बराच वेळ समोरच्या सोनाराचा भाता बघत बसले. मग विचारलं, “स्मृतीला इंग्रजीत काय म्हणतात?”

मी म्हटलं, मेमरी.

“त्याचं मूळ?”

मला ते सांगायचं नव्हतं. पण त्यांनी विचारलेलं एकही मूळ मी कधी टाळलं नव्हतं. मी सांगितलं की लॅटिनमधून आला, आणि त्याहून मागे गेलं तर, जाणकारांच्या मते, आपलं संस्कृत ‘स्मृ’ आणि हा शब्द एकाच घरचे.

“म्हणजे एकच.”

“एकच.”

त्यांनी मान हलवली. पास की बाद, काही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, “ती पाटी आहे का?”

होती. मी फडक्यातून काढून दिली. ते ती दाराशी उजेडात घेऊन गेले. चारही कोपरे पाहिले, मागची बाजू पाहिली. अंगठ्याचं नख प्रत्येक अक्षराच्या खाचेवरून सावकाश फिरवलं, ‘मालती’वरून आणि मग ‘व्हिला’वरूनही, आणि लाख कुठं उचलली आहे का ते पाहिलं. एवढी वर्षं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते शेवटी ऐकलं.

“पास,” ते म्हणाले.

मी म्हटलं, चला, आत्ताच येतो, लावून देतो.

त्यांनी पाटी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात परत दिली.

“कुठं लावता?” ते म्हणाले. “एका खांबावर स्मृती आहे. दुसऱ्यावर नंबर.”